फिरत्या पात्यांखाली – भाग ७ : खाली समुद्र असेल तेव्हा

इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर धाडकन कोसळत नाही, हे मागच्या भागात पाहिले. खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि कसलेला वैमानिक मोकळी जागा गाठतो. पण मोकळी जागा म्हणजे नुसता समुद्र असेल तर? जुहूहून मुंबई हायला ड्यूटीवर जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न कल्पनेतला नाही. ते तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे.

उड्डाणाआधी सामानाबरोबर माणसाचेही वजन होते, अंगावर लाइफ जॅकेट चढते. पावसाळ्यात समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे होतात, क्षितिज हरवते. अशा वेळी वैमानिकाने स्वतःच्या शरीराच्या जाणिवेवर नव्हे, समोरच्या उपकरणांवर विसंबायचे असते.

पाण्यावर उतरावे लागलेच तर बाहेरचे फ्लोट फुगतात. तरीही धोका टळत नाही, कारण इंजिने, गिअरबॉक्स आणि पाती हे सगळे वजन डोक्यावर असते. लाटेने कलले की हेलिकॉप्टर उलटते आणि केबिन पाण्याखाली जाते. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायमधल्या सागर किरण रिगजवळ नऊ जणांना नेणारे हेलिकॉप्टर समुद्रात पडले; चौघे दगावले.

म्हणूनच रिगवर जाणाऱ्यांना तलावात विशेष प्रशिक्षण देतात. नकली केबिनमध्ये पट्टा बांधून बसवतात, केबिन पाण्यात सोडतात आणि उलटी करतात. नाकात पाणी शिरते, वर-खाली कळेनासे होते. तिथे शिकवलेला क्रम जीव वाचवतो. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. केबिनची हालचाल थांबेपर्यंत कळ काढायची. मग आधी खिडकी ढकलून बाहेर टाकायची आणि पट्टा त्यानंतर सोडायचा. मन नेमके उलटे सांगत असते, पण पट्टा आधी सुटला तर शरीर तरंगू लागते, खिडकीवर जोर लावता येत नाही आणि दिशाही हरवते. कडेवरचा हात मात्र अंधारातही वाट दाखवतो.

लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचे. आत फुगवले तर ते माणसाला वर ढकलते, आणि उलट्या केबिनमध्ये वर असते ती केबिनची जमीन. सुटकेची खिडकी गाठायला खाली बुडी मारावी लागेल आणि फुगलेले जॅकेट ती मारू देणार नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर समुद्रात पडले. आत अठरा जण होते, त्यांतले चौघे गेले. त्यानंतर ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या प्रवाशांसाठी नियम कडक केले: श्वासाचे छोटे उपकरण सोबत हवे, आणि रुंद खांद्यांच्या माणसाची जागा मोठ्या खिडकीजवळच हवी. खिडकीतून खांदे निघतील की नाही, ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. नियम करणाऱ्याने तिथे बसणाऱ्या माणसाचा विचार केला आहे. आपल्याकडेही ती काळजी कायम नोकरीतल्या अभियंत्याइतकीच कंत्राटी वेल्डरची आणि स्वयंपाक्याचीही घेतली गेली पाहिजे. केबिन उलटते तेव्हा सगळे एकाच पाण्यात असतात.

पुढील भागात : शेपटीचा पंखा बंद पडला तर?