अलिंद-कंपनातील हृदयगती आणि रक्तप्रवाह : एक विवेचन

प्रस्तावना

मनगटावरील नाडीवरून हृदयाची गती मोजण्याची पद्धत प्राचीन आहे आणि बहुतांशी विश्वसनीयही आहे. तथापि ‘एट्रियल फिब्रिलेशन’ अर्थात अलिंद-कंपन या विकारात हृदयाच्या ठोक्यांपेक्षा नाडीचे ठोके कमी भरतात. ही तफावत का निर्माण होते आणि रुग्णाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विकाराचे स्वरूप

निरोगी हृदयात विद्युत्-संवेद उजव्या अलिंदातील गतिकारक गाठीत नियमितपणे उगम पावतो. अलिंद-कंपनात मात्र अलिंदांच्या भित्तीत मिनिटाला सुमारे ३५० ते ६०० विस्कळीत तरंग उठतात. परिणामी अलिंद आकुंचन न पावता केवळ थरथरत राहतात. अलिंद व निलय यांच्यामधील गाठ चाळणीप्रमाणे कार्य करून यातील बहुतेक तरंग अडविते. तरीही उपचार न घेतलेल्या रुग्णात निलयांची गती बहुधा मिनिटाला १०० ते १६० इतकी व पूर्णतः अनियमित असते. विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०६ मध्ये अशा हृदयाचा विद्युत्-आलेख प्रसिद्ध केला. १९०९ मध्ये टॉमस लुईस यांनी अनियमित नाडीचे कारण अलिंदांच्या कंपनात असल्याचे दाखविले.

रक्तप्रवाहावरील परिणाम

मिनिटाला ७५ ठोके असताना एका हृदयचक्रास ०.८ सेकंद लागतो. १५० ठोके असताना तो अवधी ०.४ सेकंदावर येतो. ही घट प्रामुख्याने शिथिलनाच्या काळात होते आणि निलय रक्ताने भरतात ते याच काळात. अलिंद-कंपनात दोन ठोक्यांमधील अंतर सतत बदलत असल्याने प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणारे रक्तही कमीअधिक होते. दीर्घ अंतरानंतरचा ठोका जोरकस, तर अल्प अंतरानंतरचा क्षीण असतो. अतिशय क्षीण ठोक्याची लहर मनगटापर्यंत पोहोचतच नाही. उदाहरणार्थ, छातीवर १२० ठोके ऐकू आले आणि नाडी ९० भरली, तर ३० ही ‘नाडी-न्यूनता’ होय. अशा वेळी केवळ नाडीवर विसंबल्यास गती आटोक्यात असल्याचा गैरसमज होतो. म्हणून छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजणे इष्ट ठरते. रक्तदाबही ठोक्यागणिक बदलत असल्याने तो एकापेक्षा अधिक वेळा मोजावा लागतो.

याशिवाय निलयांच्या भरणात अलिंदांच्या आकुंचनाचा असलेला वाटा नाहीसा होतो. ज्यांच्या निलयांच्या भित्ती जाड व ताठर झाल्या आहेत, किंवा ज्यांची द्विदल झडप संधिवाती ज्वरामुळे अरुंद झाली आहे, त्यांना ही हानी विशेष जाणवते. भारतात संधिवाती हृदयविकाराचे रुग्ण आजही आढळत असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

गतिनियंत्रण आणि त्याची मर्यादा

बीटा-रोधक, डिगॉक्सिन इत्यादी औषधे अलिंद-निलय गाठीतील वहन मंद करतात. त्यामुळे निलयांना भरण्यास अवधी मिळतो आणि नाडी-न्यूनता घटते. विश्रांतीच्या वेळी गती ११० च्या आत ठेवणे हे ती ८० च्या आत ठेवण्यापेक्षा कमी परिणामकारक नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ‘रेस-२’ या चाचणीत आढळले.

परंतु गती उतरली म्हणजे धोका टळला, असे मात्र नव्हे. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदात, विशेषतः त्याच्या उपांगात, रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूतील रक्तवाहिनीत अडकल्यास पक्षाघात होतो. संधिवाती झडपविकार नसतानाही या रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असल्याचे फ्रॅमिंगहॅम अभ्यासात १९९१ मध्ये नोंदविले गेले. म्हणून नाडी मंद व लक्षणे सौम्य असली तरी धोक्याचे मूल्यमापन करून आवश्यक तेथे रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी औषधे द्यावी लागतात.

निष्कर्ष

अलिंद-कंपनात ठोक्यांची संख्या, प्रत्येक ठोक्यातील रक्ताचे प्रमाण आणि अलिंदातील प्रवाहाची गती या तीन स्वतंत्र बाबी ठरतात. नाडी यांपैकी पहिलीचे अपुरे आणि दुसरीचे अंशतः ज्ञान देते; तिसरीविषयी ती काहीच सांगत नाही. रुग्णाचे मूल्यमापन करताना या तिन्हींचा विचार होणे आवश्यक आहे.