मोतीनं चप्पल का चावली?



"बाई, आमच्या मोतीला सोडून देणार आहेत!" मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी रडतच माझ्याकडे आली. मोती म्हणजे तिचं पाच महिन्यांचं पिल्लू. आई पॉमेरियन, बाप गल्लीतला गावठी. त्यानं बाबांची नवी चप्पल चावली होती, आजोबांचं धोतर फाडलं होतं आणि घरभर केस! घरचे वैतागले होते.

मी विचारलं, "मोतीचे दात पडतायत का गं?"

ती रडायची थांबली. "हो! कालच एक सापडला."

तुमच्यासारखेच पिल्लाचेही दुधाचे दात पडतात. ते असतात २८. चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात. मग समोर दिसेल ते चावायचं! चपला उचलून ठेवा आणि जाड दोरीला गाठी मारून ती चावायला द्या. मोतीचा खोडकरपणा हा असा होता.

जात कोणती?

मोती मिश्र जातीचा. निम्मे गुण आईचे, निम्मे बापाचे. पण कोणते निम्मे, हे प्रत्येक भावंडात वेगळं. म्हणून एकाच वेताच्या पिल्लांत एकाचे कान ताठ, दुसऱ्याचे लोंबते. एकाची शेपटी झुपकेदार, दुसऱ्याची आखूड केसांची. एक धीट, तर एक भित्रं. तेव्हा आपलं पिल्लू कशाला घाबरतं, कशानं खूश होतं, हे रोज पाहूनच शिकायचं.

केस आणि ऊन

झुपकेदार केसांचं पिल्लू एक दिवसाआड विंचरावं. विंचरताना कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का पाहा. पावसात भिजलं तर अंग नीट कोरडं करा. उन्हाळ्यात त्याला भादरू मात्र नका, तेच केस उन्हापासून कातडी वाचवतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि अंग थंड करतं. म्हणून फिरायला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी न्या. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवा. पाच सेकंद सोसवलं नाही, तर त्याच्या पायांनाही सोसवणार नाही.

खाऊ नव्हे, विष!

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कुत्र्याला चालत नाहीत. शिजवलेलं हाडूकही नको. त्याचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. लहान पिल्लाला एकदम पोटभर देण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडंथोडं द्या. स्वच्छ पाणी मात्र सदैव हवं.

लस विसरू नका

पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्या. पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. पुढच्या तारखा जनावरांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. म्हणून कुठलंही कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. हळद, तिखट काही लावू नका. मार बसेल म्हणून लपवू तर मुळीच नका!

एक सोपं गणित

लहान चणीचं कुत्रं साधारण १२ ते १५ वर्षं जगतं. आज तुम्ही ९ वर्षांचे असाल, तर तुमचं कॉलेज संपेल तेव्हाही ते दारात वाट पाहत असेल. वाऱ्यावर सोडलेल्या पाळीव कुत्र्याला अन्न शोधता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही. असं उपाशी सोडून देणं १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

मोती घरीच राहिला. चपला आता फळीवर असतात आणि त्याला विंचरायचं काम आजोबांनी मागून घेतलंय!

तुम्हाला पिल्लू हवंय? मग आज रात्री सगळे मिळून कागदावर लिहा: पाणी कोण देणार? फिरायला कोण नेणार? घाण कोण काढणार? मे महिन्यात आपण गावाला गेलो, तर ते कुणाकडे राहणार? प्रत्येक प्रश्नापुढे एक नाव हवं. एक जरी जागा रिकामी राहिली, तर पिल्लू आणायची घाई करू नका.