पदर डोक्यावर घेता आला पाहिजे

पहाटे 5.45. फोन सिस्टरचा. "सर, बोगद्याखालच्या वळणावर गाडी घसरलीय. खांदा गेलाय." गाडी म्हणजे मोटारसायकल, हे इथे सांगावं लागत नाही. इथे म्हणजे लोणावळ्याशेजारी नव्हे, साताऱ्याच्या वाटेवरच्या खंडाळ्यात. साताऱ्याकडून येणारी वाहनं खंबाटकीचा बोगदा ओलांडून उताराला लागतात आणि समोर 'एस' वळण येतं. एप्रिल 2018मध्ये तिथेच मजुरांचा टेम्पो उलटून 18 जण गेले.

6.10. पोरगा पंचविशीचा. खांदा पुढे निखळलेला, शिवाय दंडाच्या हाडाचा वरचा टवका उडालेला. ओढण्याआधी खांद्याच्या बाहेरून कापूस फिरवला. "कळतंय का?" कळत नसेल तर डेल्टॉइड या खांद्याच्या स्नायूची नस दुखावलेली असू शकते, आणि ते आधी लिहून ठेवलं नाही तर ती डॉक्टरनेच घालवली असं ठरतं. झोपेचं इंजेक्शन, सावकाश ताण, टक्. टवकाही जागेवर आला. ऑपरेशन नाही, झोळी.

9.30. अंगणात घसरून पडलेल्या आजी, वय त्र्याहत्तर. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडून तीन तुकडे. मुलाने मोबाइलवर प्लेटचे फोटो बघून ठेवले होते. "साहेब, पैशाचं बघू नका, ऑपरेशन करून टाका." मी आजींना विचारलं, हात कशाकशाला लागतो? भाकरी आता सून थापते, वेणी नात घालते. "पदर डोईवर घेता आला म्हंजी बास, लेकरा."

तेवढं बहुतेकदा झोळी आणि व्यायामावर मिळतं. ब्रिटनमध्ये अशा 250 रुग्णांवरचा अभ्यास 2015मध्ये छापून आला. काहींचं ऑपरेशन, काहींना नुसती झोळी. दोन वर्षांनी दोन्हीकडे म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच्या बऱ्याच आधी अशाच एका बाईंना मी प्लेट घातली होती. एक्स-रे इतका देखणा की भिंतीवर लावावा. तीन महिन्यांत दंडाच्या हाडाचा वरचा ठिसूळ गोळा खचला, स्क्रूची टोकं सांध्यात घुसली आणि ते काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागलं. मुलाला हेही सांगितलं.

"म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?"

झोळीचं बिल लहान होतं, म्हणून तो इलाज वाटत नाही, दुसरं काय!

12.15. शिरवळच्या कारखान्यातला कामगार, वय चौतीस. मोडलेलं हाड तेच, पण इथे हिशेब वेगळा. हाड पक्कं, तुकडे एक सेंटिमीटरहून जास्त सरकलेले, आणि रोज डोक्यावर हात नेऊन काम. प्लेटच. भूलतज्ज्ञांनी मानेजवळ सुई देऊन हात बधिर केला, वर भूल दिली. पेशंट आरामखुर्चीत टेकल्यासारखा. खांदा आणि छातीच्या स्नायूंमधली वाट एक निळी शीर दाखवते. तिला जपत आत जायचं. स्क्रूंवर सगळा भरवसा टाकायचा नाही. तुकड्यांना चिकटलेल्या स्नायूंच्या कंडरांतून जाड दोरा ओवून तो प्लेटला बांधायचा. सुतारकाम कमी, शिवणकाम जास्त. दोन तास गेले.

3.30. डबा निम्मा राहिला. ट्रॅक्टरवरून पडलेले आजोबा, वय शहात्तर. चार तुकडे, गोळा खांद्याच्या वाटीबाहेर. अशा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. प्लेट लावली तरी तो आतून मरण्याची भीती, आणि तसाच सोडला तर हात वर जाणं अवघड. ओढून बसवायच्या फंदात पडलो नाही. यांना उलटा सांधा लागणार. फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी 1985च्या सुमारास तो आणला: वाटीच्या जागी गोळा, गोळ्याच्या जागी वाटी. मग आतले स्नायू निकामी असले तरी एकटा डेल्टॉइड हात उचलतो. अर्थात त्याची नस शाबूत हवी. पुन्हा कापूस. कळत होतं. हे काम आमच्या छोट्या दवाखान्याचं नाही, पुण्याला चिठ्ठी दिली. पुढे पोतं उचलायचं नाही म्हटल्यावर आजोबा हिरमुसले. मला ते आधी सांगितलेलं बरं वाटतं.

5.30. जुन्या पेशंटांचा व्यायाम. वाकून हात लोंबता सोडायचा, लंबकासारखा हलवायचा. निम्मे आलेच नव्हते.

8.40. आजींच्या मुलाचा फोन. आवाज निवळलेला. "झोपताना झोळी काढू का?"

काढू नका. पाठीला दोन उशा देऊन टेकवून झोपवा, बोटं आणि मनगट हलवायला सांगा. दोन-चार दिवसांत काळानिळा डाग कोपरापर्यंत उतरेल. ते मोडलेल्या हाडाचंच रक्त असतं. पुढच्या सोमवारी एक्स-रे.