महाडची आठवण, मुंबईच्या चाळीत

महाडच्या चवदार तळ्याची कागदपत्रं काही कमी नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 च्या ऑगस्टमध्ये झाला. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून तळं खुलं केलं आणि 4 ऑगस्ट 1927 ला तोच ठराव मागे घेतला. मधल्या काळात, 20 मार्च 1927 ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले होते आणि पाणी प्यायले होते. पुढचं सगळं सवर्णांनी तळ्यावरून लावलेल्या दाव्याच्या कागदांत सापडतं. हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालून 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयात निकाली निघाला.

या दाव्याची एक गंमत आहे. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असं फिर्यादींचं म्हणणं होतं. अनादी म्हणजे कोणाला आठवतं तेव्हापासून? न्यायालयाने पुरावा मागितला आणि रूढी अनादी असल्याचं काही सिद्ध झालं नाही. गावाच्या आठवणीवर विसंबून भरलेला दावा पुराव्याअभावी पडला.

मात्र तळ्यावर चालत गेलेल्या माणसांची आठवण कोणत्याही कोर्टाने नोंदवून घेतली नाही. ते काम फार उशिरा झालं, आणि झालं तेही बऱ्याच अंशी महाडबाहेर. त्याचं कारण या भागाच्या भूगोलात आहे. महाड-पोलादपूरकडची शेती डोंगरउताराची, भाताची आणि नाचणीची. वर्षभर पोट भरेल एवढी नाही. त्यामुळे घरटी एखादा तरी मुंबईला, गिरणीत, गोदीत नाहीतर पलटणीत. एका गावचे चाकरमानी एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. गणपती-शिमग्याला गावी येत आणि गावच्या आठवणी घेऊन परत परळ-नायगावला जात. बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 पासून परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. म्हणजे ज्या परिषदेनंतर माणसं तळ्यावर गेली ती महाडला भरली तरी तिची जुळवाजुळव पुष्कळशी मुंबईत झाली होती.

या जाण्यायेण्याचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे, कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म 1903 चा, महाडजवळच्या लाडवली गावचा. महाडची परिषद भरवावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत ते पुढे होते. नंतर ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1972 मध्ये वारले. मागे राहिलं ते अपुरं आत्मकथन. चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी पुढचा भाग लिहून ते 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठीची झटापट त्यात आहे. गवत-लाकडाचे भारे घेऊन महाडच्या बाजारात येणाऱ्या दलितांना घोटभर पाणी मिळत नसे, म्हणून त्यांच्यासाठी चहाचं दुकान सुरू करवल्याची हकिगतही आहे. सत्याग्रहाआधीचं महाड कसं होतं हे सरकारी ठरावांपेक्षा या दुकानावरून जास्त कळतं. तिथे माणसं बसत, अर्ज लिहून घेत, बातम्या सांगत. परिषदेसाठी गावोगाव निरोप पोचले ते कसे, याचं उत्तर तिथून सुरू होतं.

मोऱ्यांनी निदान स्वतः लिहिलं. ज्यांनी पाटीवर अक्षर गिरवलं नव्हतं, त्यांचं काय?

हे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी अंगावर घेतलं. दोघी नोकरी-संसार सांभाळून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत फिरल्या, त्यांच्याशी बोलल्या, आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. पहिल्या भागात कागदोपत्री इतिहास, दुसऱ्यात चाळीसहून अधिक जणींच्या कहाण्या. नाशिकच्या शांताबाई दाणी त्यात आहेत आणि नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळेही. पुस्तकाच्या नावातला ‘ही’ फार मोलाचा आहे.

बाईला विचारलं की काय निघतं, याचा नमुना महाडचाच घ्यावा. डिसेंबर 1927 च्या परिषदेत 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली. सगळ्या पाठ्यपुस्तकांचा भर तिथेच. परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी जमीन दिली, हेही छापून येतं. पण परिषदेच्या शेवटी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि गळ्याहातातले कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असं सांगितलं. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना घोट्यापर्यंत लुगडं नेसायला मदत केली, असं सांगतात. पुढाऱ्यांच्या भाषणात हा एक मुद्दा असतो. नेसणाऱ्या बाईला ती पहिली सकाळ असते. गावी परतल्यावर शेजारपाजारचे काय म्हणाले, सासूने काय केलं, पाटलाच्या दारावरून जाताना पदर कसा घेतला, हे कुठल्याच ठरावात येत नाही. विचारणाऱ्याने विचारलं तरच येतं.

असं विचारून लिहायचा मौखिक इतिहास ही तशी तरुण विद्या आहे. तिचं पहिलं नावाजलेलं केंद्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1948 मध्ये अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी सुरू केलं. बाबासाहेब 1913 ते 1916 मध्ये शिकले ते हेच विद्यापीठ. पण तिथे सुरुवातीला मुलाखती झाल्या त्या मुख्यतः वजनदार माणसांच्या. गिरणी कामगार, शेतमजूर, मोलकरीण यांच्यापर्यंत टेपरेकॉर्डर पोचायला वेळ गेला. मुंबईत मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं आणि त्यांच्या आवाजांतून शंभर वर्षांचा इतिहास उभा केला. ते पुस्तक 2004 मध्ये इंग्रजीत आलं. तोवर कितीतरी गिरण्यांची धुराडी थंड पडली होती.

आठवणीवर डोळे झाकून भरवसा ठेवावा असं कोणी म्हणत नाही. मार्च 1927 ला किती माणसं आली होती? अडीच-तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत आकडे मिळतात. पण आकड्याला चुकणारी माणसं इतर गोष्टी मात्र नेमक्या सांगतात. परिषदेसाठी पाणी विकत आणावं लागलं, त्याला 40 रुपये पडले, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. तळ्यावरून परतल्यावर सवर्णांनी केलेल्या दुपारच्या हल्ल्यात मंडपातलं अन्न मातीत कालवलं गेलं आणि कितीकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला, हेही नाही.

2027 च्या मार्चमध्ये या घटनेला शंभर वर्षं होतील. आता प्रत्यक्ष पाहिलेलं सांगणारं कोणी उरलेलं नाही. उरली आहेत मुलं, सुना, नातवंडं, आणि त्यांनी ऐकलेलं. ते दुय्यम समजून सोडून देणं परवडणारं नाही. शिवाय एक बाजू जवळपास कोरीच आहे. तळं ‘शुद्ध’ करायला शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या 108 घागरी ओतल्या गेल्या. त्या ज्यांनी ओतल्या त्यांच्या घरात पुढे काय बोललं गेलं? ज्या मुसलमान घरांनी दारं उघडली त्यांच्या नातवंडांना काय सांगितलं गेलं? हे प्रश्न अवघड आहेत, म्हणून तर आधी विचारायला हवेत.

आणि महाडच्या आठवणी 1927 ला थांबलेल्या नाहीत. जुलै 2005 च्या दरडींत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते ही गावं होरपळली. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि त्याच वेळी सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याचे पंचनामे झाले. पंचनाम्यात घराची भिंत पक्की की कच्ची, गुरं किती, माणसं किती, एवढं येतं. त्या दिवशी कोण मुंबईला होतं, कोणी कोणाला हाक मारली, डोंगराला भेग पहिल्यांदा कोणी पाहिली, हे फॉर्मवर नसतं. ते सांगणारी माणसं अजून हयात आहेत, तळियेत आहेत, दासगावात आहेत, आणि नेहमीप्रमाणे काही मुंबईलाही आहेत.