पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

डेस्कटॉपचे पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही, म्हणून लगेच मदरबोर्ड बदलायला निघू नका. आधी केबल पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटर सहसा त्यालाच जोडायचा असतो, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. मग रॅम. वीजपुरवठा बंद करून प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या, पट्टी काढा आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा नीट दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून तपासा. बऱ्याचदा दुखणं इथेच सापडतं.

नवी रॅम घेताना मदरबोर्ड कोणती चालवतो ते बघूनच घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना. पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

लोक काटकसर करतात ती नेमकी एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि माझ्या मते तिथेच करू नये. ‘८० प्लस’चा शिक्का विजेच्या कार्यक्षमतेपुरताच असतो, म्हणून वॉरंटी किती वर्षांची, हेही विचारा.

कॉम्प्युटरचं घड्याळ रोज मागे पडत असेल, तर मात्र खर्च किरकोळ: मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला.