जन्मठेप चौदा वर्षांची नसते

खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाल्याची बातमी आली, की कट्ट्यावर कुणीतरी हिशेब मांडतोच : ‘म्हणजे चौदा वर्षं. त्यात तुरुंगात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी धरतात. सात वर्षांत बाहेर!’ सांगणारा बहुधा चांगला शिकलेला असतो. दिवस-रात्रीच्या या गणिताला कुठल्याही कायद्यात आधार नाही. तुरुंगातही दिवस चोवीस तासांचाच असतो.

चौदाचं मात्र नीट सांगायला हवं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, आणि हे आजकालचं नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांचं म्हणणं होतं, की मिळालेली सूट धरली तर आपली वीस वर्षं भरली, आता सोडा. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ते फेटाळलं. सरकार शिक्षा कमी करत नाही तोवर जन्मठेप आयुष्यभराचीच. सूट साठली म्हणून सुटकेचा हक्क मिळत नाही. (पुढे १९६४ मध्ये ते सुटले, ते सरकारच्या निर्णयाने.)

वीसचा आकडा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५७ मधला. गुन्ह्याच्या प्रयत्नाला निम्मी शिक्षा द्यायची, तर आयुष्याचं निम्मं किती? तेवढ्या हिशेबापुरते वीस धरायचे, बस्स. आणि चौदा? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडायचं नाही, असं १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेलं कलम ४३३-अ सांगतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४७५ झालं. म्हणजे सरकारने फार लवकर सोडू नये म्हणून आखलेली ही किमान मर्यादा. लोकांनी तीच कमाल करून टाकली! चौदा वर्षं भरली की सुटकेचा विचार होऊ शकतो, एवढंच. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या एका खटल्यातल्या ११ कैद्यांनी चौदाहून जास्त वर्षं काढली होती. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे शिक्षेत सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, दिली गुजरातने. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सगळे पुन्हा आत गेले. शिवाय फाशीऐवजी जन्मठेप देताना अमुक वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नाही, असं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं बजावू शकतात. २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

दोन जन्मठेपा म्हणजे अठ्ठावीस वर्षं, हेही ऐकलंय. एक आयुष्य संपल्यावर दुसरं कुठून आणणार? त्या एकत्रच भोगायच्या, असा घटनापीठाचा २०१६ चा निकाल आहे.

अपील केलं तर शिक्षा वाढेल, ही भीतीही उगाच. आरोपीच्या अपिलात ती वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारच्या अपिलासारखी वेगळी कार्यवाही लागते.

‘वॉरंट नव्हतं, केस गेली’ हे अमेरिकन मालिकांतून आलेलं ज्ञान. आपल्याकडे झडती बेकायदा असली, तरी तिच्यात सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यावरून बाद होत नाही, असं १९७३ च्या पूरणमल निकालापासून धरलं जातं. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडती असेल, तर मात्र राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क संशयिताला आधी सांगावाच लागतो. न सांगितल्यास अंगावर सापडलेल्या मालाच्या जोरावर शिक्षा टिकत नाही. माल हातातल्या पिशवीत सापडला, तर तीही पळवाट बंद. पिशवी म्हणजे अंग नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगून ठेवलंय.