काप्रीच्या गुहेत निळं काय असतं?

इटलीत नेपल्सच्या आखाताच्या तोंडाशी काप्री हे चुनखडीचं बेट आहे. तिथल्या मरीना ग्रांदे बंदरातून मोटरबोट कड्यांच्या कडेकडेनं निघते आणि प्रसिद्ध ‘निळ्या गुहे’पाशी थांबते. पुढे छोटी वल्ह्याची होडी. गुहेचं तोंड जेमतेम मीटरभर उंच. होडीत चक्क आडवं व्हायचं, आणि नावाडी भिंतीवरची साखळी ओढून लाटेच्या उतारावर होडी आत घेतो. समुद्र जरा खवळला की प्रवेश बंद.

आत सुमारे साठ मीटर लांबीचं दालन आणि निळंशार, उजळलेलं पाणी. हा उजेड त्या चिमुकल्या दारातून फारसा येत नाही. दाराखाली, पाण्यात बुडालेलं त्याहून बरंच मोठं भोक आहे. ऊन तिथून शिरतं, पाणी पार करतं आणि पांढुरक्या तळावरून वर उसळतं. वाटेत पाणी लाल रंग शोषून घेतं. निळा तेवढा तगतो. म्हणजे पाण्यात रंग नाही, गाळणी आहे! बुडवलेला हात मात्र चांदीसारखा चमकतो.

१८२६ मध्ये जर्मन कवी-चित्रकार आउगुस्ट कोपिश इथे पोहत शिरला आणि गुहेचा ‘शोध’ लागल्याचा बोलबाला झाला. स्थानिक कोळ्यांना ती ठाऊक होतीच. त्याआधी रोमनांनाही: १९६४ मध्ये तळातून समुद्रदेवतांचे रोमन पुतळे निघाले. ते आता वर, आनाकाप्री गावातल्या ‘कासा रोसा’ संग्रहालयात पाहता येतात.